वाचकांचे प्रश्न : पडीक, खाण, डोंगर आणि परतणारं रान

या अंकासाठी आलेली सात पत्रं एकाच विषयाभोवती फिरत होती. उजाड झालेली जागा मोकळी सोडली तर तिचं काय होतं, आणि आपण मध्ये काय करावं? शास्त्रात याला परिसंस्थेचं अनुक्रमण म्हणतात. एका जागी आधी वनस्पतींचा एक गट येतो, तो तिथली माती, सावली, ओल बदलतो आणि त्या बदललेल्या जागेत दुसरा गट शिरतो. नाशिक जिल्ह्यात हे सगळीकडे एका चालीनं होत नाही. इगतपुरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर येवला-सिन्नरकडे 500-600 मिलिमीटरच्या आसपास. उत्तरं वाचताना आपला तालुका डोक्यात असू द्या.

प्रश्न : आमची दोन एकर द्राक्षबाग तीन वर्षांपूर्वी मोडली. तिथे आता पीक घ्यायचं नाही, रान होऊ द्यायचं आहे. पण गाजर गवताशिवाय काही दिसत नाही. एकदा नांगरून टाकावं का? (वाचक, दिंडोरी तालुका)

उत्तर : नांगरू नका. गाजर गवताला हवी असते ती उघडी, हलवलेली आणि खताळ जमीन, आणि नांगरानं तुम्ही तीच पुन्हा तयार करून द्याल. एकेक झाड हजारो बिया टाकतं, त्या मातीत पडून राहतात आणि नांगर त्यांना वर आणतो. या गवताची कमजोरी एकच, त्याला दाट सावली सोसत नाही. म्हणून त्याच्यावर मात करणारं काहीतरी उभं करायचं.

जून लागताना, पहिल्या पावसाच्या तोंडावर टाकळ्याचं बी फेका. टाकळा जनावरं खात नाहीत, तो दाट उगवतो आणि गाजर गवताच्या रोपांवर सावली धरतो. त्याच वेळी मारवेल आणि पवन्याचं बी ओल्या मातीत कालवून ओळींमध्ये टाका. टाकळा हंगामी आहे, तो वाळून जाईल. गवत मात्र बहुवर्षायू असल्यानं जागा धरून बसेल. जिथे गाजर गवत फारच माजलं असेल तिथे ते फुलायच्या आधी, पाऊस पडून गेल्यावर हातमोजे घालून मुळासकट उपटा. फुलल्यावर उपटून बांधावर टाकलं तर बी तिथेच पिकतं आणि सांडतं.

मोडलेल्या बागेच्या काही अडचणी साध्या पडीकाला नसतात. पहिली, डॉगरिजचे खुंट, म्हणजे ज्या वेलीवर द्राक्षाचं कलम बांधलेलं असतं तिचे. वरची वेल कापली तरी खालचा खुंट जिवंत असतो आणि धुमारे टाकत राहतो, तेव्हा ते खणूनच काढा. दुसरी, वर्षानुवर्षं फवारलेल्या बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातलं) तांबं. ते पाण्याबरोबर फारसं खाली जात नाही, वरच्या वीतभर थरात साठतं आणि गांडुळांना, काही बुरशींना त्रास देतं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते बरंचसं बांधलेलं राहतं, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण एकदा सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी करून घ्या, सोबत क्षारतेचीही. तांबं जास्त निघालं तर पालापाचोळा जाळू नका, तिथेच कुजू द्या, कारण सेंद्रिय पदार्थ तांब्याला धरून ठेवतात. तिसरी अडचण बेडची. उताराच्या दिशेनं गेलेले वरंबे पावसाचं पाणी सरळ बाहेर काढून देतात. दर 8-10 मीटरवर वरंब्यांच्या मधल्या सरीत मातीचा किंवा दगडाचा गुडघाभर अडसर घाला.

तारा आणि ठिबकच्या नळ्या सगळ्या काढा, पण लोखंडी अँगल सगळे काढू नका. वीसांत एक उभा ठेवा. बुलबुल, मैना, साळुंक्या त्यावर बसतात आणि कडुनिंब, पिंपळ, उंबर यांच्या बिया खाली टाकतात. दोनेक वर्षांनी प्रत्येक अँगलच्या पायाशी रोपांचं एक छोटं वर्तुळ दिसायला लागतं. याच जागी घाणेरीही येते, कारण तिची फळंही याच पक्ष्यांना आवडतात. दर ऑगस्टमध्ये अँगलखाली फेरी मारून घाणेरीची रोपं हातानं उपटायची. बोटाएवढी असताना ती सहज निघतात. दोन वर्षं हयगय झाली तर कोयता लागतो.

क्रम साधारण असा दिसेल. आधी गाजर गवत, एकदांडी, आघाडा, माठ. मग हराळी, कुंदा, टाकळा. त्यानंतर तरवड, बोर, हिवर, बाभूळ, आणि त्यांच्या सावलीत कडुनिंब, करंज. पहिली बोर-बाभूळ नीट दिसायला चार-पाच वर्षं लागतात. तरवड शेळ्या खात नाहीत. तो एकटाच माजलेला दिसला तर तुमच्या नकळत कुणाची तरी जनावरं रानात शिरताहेत असं समजा.

प्रश्न : आमच्या गावानं डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, त्याला चार वर्षं झाली. पण झाडं नाहीत, नुसती करवंदाची जाळी, धायटी आणि कुसळी गवत. वनमहोत्सवात मिळालेली रोपं लावून टाकावीत का? (वाचक, त्र्यंबकेश्वर तालुका)

उत्तर : तुम्ही ज्याला "नुसती जाळी" म्हणता आहात, तिथे रानाची रोपवाटिका चालू आहे. सप्टेंबरमध्ये एखाद्या मोठ्या करवंदाच्या जाळीशी गुडघ्यावर बसा, काठीनं फांद्या बाजूला करा आणि आत बघा. आतली माती बाहेरच्यापेक्षा काळी आणि भुसभुशीत असते, वर पानांचा थर असतो, आणि त्यात ऐन, जांभूळ, हिरडा, आंबा यांतलं काही ना काही वीतभर उंचीचं सापडतं. काटे शेळीला आत येऊ देत नाहीत, सावली चैत्रातली ओल टिकवते. काही वर्षांनी तेच रोप जाळीच्या डोक्यावरून वर निघतं आणि पुढे त्याच्या सावलीत करवंद विरळ होतं. जाळी तोडून खड्डे घेतले तर हे सगळं एका दिवसात जातं. अशी चूक आपल्याकडे फार होते, आणि ती चांगल्या हेतूनं होते याचं जास्त वाईट वाटतं.

लावायचं की नाही हे मोजून ठरवा. डोंगरावर वेगवेगळ्या ठिकाणी, उतारावर, ओहोळाजवळ, माथ्यावर, 10 मीटर बाय 10 मीटरचे दहा चौकोन दोरीनं आखा. प्रत्येकात वीतभराहून उंच झाडांची रोपं आणि जिवंत ठोंब (तोडलेल्या झाडाचे धुमारे फुटणारे बुंधे) मोजा. झुडपं धरू नका. दहा चौकोनांचं क्षेत्र हेक्टरचा दहावा भाग होतं, म्हणून बेरजेला दहानं गुणलं की हेक्टरी आकडा मिळतो. तो 700-800 च्या पुढे गेला तर सर्वसाधारण नियम असा की लागवड करू नये, आहे त्यालाच मदत करावी. आकडा फार कमी आला तर ओहोळाच्या कडेला आणि मातीच्या खिशांतच लावा. तिथेही सुबाभूळ आणि गिरिपुष्प नको. दोन्ही झपाट्यानं हिरवं करून दाखवतात, पण बाहेरून आणलेली ही झाडं खालची जागा दुसऱ्या कुणाला सोडत नाहीत. अनुक्रमण तिथेच अडून बसतं.

मदत म्हणजे काय, तर ठोंबांची निवड. साग, ऐन, पळस, खैर तोडल्यावर बुंध्यातून आठ-दहा धुमारे फुटतात आणि एकमेकांशी भांडत सगळेच झुडूप बनून राहतात. थंडी सरताना त्यातले सरळ, जमिनीलगत फुटलेले एक किंवा दोन ठेवा, बाकीचे धारदार कोयत्यानं तिरपे छाटा. मूळ जुनं आणि खोल असतं, त्यामुळे असा एक धुमारा दोन पावसाळ्यांत नवीन लावलेल्या रोपाला मागे टाकतो. मातीच्या खिशांत उगवलेल्या रोपांभोवती हातभर वर्तुळात गवत दाबून आडवं करा. कापलं तर ते पुन्हा जोमानं फुटतं, आडवं झालं की मरगळतं.

कुसळीबद्दल एक सांगायला हवं. हे गवत दरवर्षी जास्त होत असेल तर डोंगराला वणवा लागतोय. कुसळीचं बी हातात घेऊन बघा. एका टोकाला टोकदार, केसाळ सुई, दुसऱ्या टोकाला पीळ पडलेली लांब शेपटी. तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब सोडा, शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि बी स्वतःभोवती फिरतं. ओलं-कोरडं होता होता ते असंच जमिनीत शिरतं आणि वणव्याखाली सुरक्षित राहतं. झाडाचं रोप मात्र मीटरभर उंच होईपर्यंत आगीत टिकत नाही. चार वर्षं राखलेलं रान फेब्रुवारीतल्या एका दुपारी पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. डिसेंबर-जानेवारीत डोंगराच्या पायथ्याशी, पायवाटांच्या दोन्ही बाजूंना आणि शेताच्या हद्दीवर आग अडवणारे 4 ते 6 मीटर रुंद जाळपट्टे काढा. बी गळून गेल्यावर, दिवाळीनंतर, पट्ट्यापट्ट्यानं गवत कापून गावात वाटा किंवा विका. ज्या घराला त्या डोंगराचं गवत मिळतं, त्या घराचं लक्ष डोंगरावर राहतं.

प्रश्न : सिन्नरजवळ मुरूम आणि खडी काढून सोडलेली खाण आहे. दहा वर्षं झाली, तळ जसाच्या तसा. बाजूच्या पडीकावर मात्र बाभळी आल्या. असं का? (वाचक, सिन्नर)

उत्तर : कारण पडीकात माती होती, बी होतं, मुळं होती. खाणीत यातलं काहीच उरलेलं नाही. पहिल्याला दुय्यम अनुक्रमण म्हणतात, दुसऱ्याला प्राथमिक. नागड्या बेसॉल्टवर सुरुवात दगडफुलापासून होते. खाणीच्या जुन्या भिंतीवर करडे, पिवळट, रुपयाएवढे डाग दिसतील, ते नखानं खरवडून बघा. खाली दगड किंचित ठिसूळ झालेला असतो, कारण दगडफूल सौम्य आम्लं सोडतं. काळे ओघळ दिसतात ते नीलहरित शेवाळाचे. फटीत धूळ साठते, तिथे हरिता (मॉस), मग एखादं गवत. ही चाल माणसाच्या आयुष्याच्या हिशोबात बसत नाही, हे खरं आहे.

तळाला मात्र घाई करता येते. तिथे दगडापेक्षा मोठी अडचण डंपरांची आहे. चाकांनी मुरूम इतका दाबला गेलाय की मूळ शिरत नाही आणि पाणी वाहून जातं. मे महिन्यात रिपर लावून 45-60 सेंटीमीटर खोल, उताराला आडवं फाडा. नंतर सपाट करू नका. खड्डे-उंचवटे राहू द्या, बी आणि ओल त्यातच अडकते. वरची माती कुठे राखून ठेवली असेल तर 8-10 सेंटीमीटर थर पुरे. बाहेरून गाळमाती आणायची असेल तर आधी ती कुठली आहे ते बघा, शेताच्या मातीबरोबर गाजर गवताचं बी येतं. बाभूळ, खैर, बोर, हेंकळ यांच्या बिया थेट पेरा. बाभूळ आणि खैर मुळांवरच्या गाठींतून नत्र बांधतात, आणि मुरुमात सगळ्यात आधी कमी पडतं ते नत्रच. बाभळीचं बी शेळ्यांच्या लेंड्यांतून गोळा केलेलं असेल तर जास्त चांगलं उगवतं. नाहीतर उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा. वर काटेरी फांद्या पसरा.

खाणीचे उभे कडे तोडून उतार करण्याचा आग्रह धरू नका, माणसांना धोका नसेल तर. शृंगी घुबड अशाच कपारीत अंडी घालतं.

प्रश्न : गावतळं पाणकणसानं भरत चाललंय. काही जण म्हणतात जेसीबीनं साफ करा, पक्षी बघायला येणारे म्हणतात हात लावू नका. (वाचक, निफाड तालुका)

उत्तर : दोघांचंही अर्धं बरोबर आहे. उथळ पाणी कोरडं होत जाणं हेही अनुक्रमणच. आधी पाण्याखालच्या वनस्पती, मग पृष्ठभागावर पानं टाकणारी कमळं, मग पाणकणीस आणि लव्हाळे, मग ओलसर कुरण. प्रत्येक गट गाळ अडवतो आणि पुढच्यासाठी तळ उंच करतो. तुमच्याच तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य असंच घडलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साठला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पक्षी आले आणि 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. म्हणजे पक्ष्यांना हवी असते ती मधली पायरी. शेतातलं खत आणि माती तळ्यात येत असेल तर ही पायरी फार लवकर ओलांडली जाते.

दरवर्षी पाणकणसाचा एक-तृतीयांश भाग काढा, पुढच्या वर्षी दुसरा. वेळ एप्रिल-मे. हिवाळी बदकं गेलेली असतात आणि जांभळ्या पाणकोंबडीची वीण पावसाळ्यात असते. देठ पाण्याच्या पातळीखाली कापायचे. पाणकणसाच्या मुळांना हवा देठांतल्या पोकळीतून मिळते. कापलेलं टोक पाण्याखाली राहिलं की मूळ गुदमरतं, वर राहिलं तर महिनाभरात पुन्हा हिरवं. जेसीबीनं तळ खरवडला तर पाणकणसाबरोबर तळाची चिकणमाती जाते आणि तळं गळायला लागतं. जलपर्णी मात्र सगळी काढा. ती दक्षिण अमेरिकेतून आलेली, तरंगती, आणि आपल्या तळ्यांच्या क्रमातली पायरी नाही. हे सगळं गावतळ्यापुरतं. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाशिवाय काही करायचं नाही.

प्रश्न : आमचा गट पावसाळ्यात अंजनेरीच्या पठारावर झाडं लावायचा विचार करतोय. कुठली लावावीत? (महाविद्यालयीन वाचक, नाशिक)

उत्तर : एकही नाही. कृपा करून नाही. त्या कातळावर माती बोटभर, पावसाळ्यात चिखल आणि मार्चमध्ये तवा. तिथे सीतेची आसवे, दवबिंदू, सोनकी, तेरडे यांचा संसार चार महिन्यांत उरकतो आणि उरलेले आठ महिने तो बी आणि कंदांच्या रूपात झोपतो. 2006 मध्ये शास्त्राला नव्यानं ओळख झालेलं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, याच डोंगराचं नाव घेऊन आहे. खड्ड्यासाठी मारलेली पहार कातळावरचा पातळ थर फोडते, आणलेल्या मातीतून तण येतं, रोप उन्हाळ्यात मरतं, आणि फुटलेली जागा राहते. तुमच्या गटाला काम हवं असेल तर पावसाळी गर्दीत लोकांना पायवाटेवर ठेवण्याचं काम तिथे खरोखर हवं आहे.

प्रश्न : पुस्तकात लिहिलंय की अनुक्रमणाचा शेवट "चरम समूह" म्हणजे जंगल. मग ममदापूरचं गवताळ रान अपूर्ण जंगल आहे का? (बारावीची विद्यार्थिनी, येवला)

उत्तर : तुझा प्रश्न पुस्तकाच्या पुढचा आहे. चरम समूहाची कल्पना 1916 मध्ये फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी ठामपणे मांडली. रान हे एखाद्या सजीवासारखं वाढतं आणि हवामानानं ठरवलेल्या एका प्रौढ रूपाला पोचतं, असं त्यांचं म्हणणं. 1926 मध्ये हेन्री ग्लीसन यांनी विरोध केला. प्रत्येक जात आपापल्या मर्जीनं आणि योगायोगानं येते, ठरलेलं टोक नसतं. 1977 मध्ये कॉनेल आणि स्लेटियर यांनी दाखवलं की आधी आलेली जात पुढच्यांना मदत करू शकते, नुसतं सोसू शकते किंवा अडवूही शकते. वरच्या उत्तरांतलं करवंद मदत करणारं, गिरिपुष्प अडवणारं.

योगायोग किती मोठा असतो ते इंडोनेशियातल्या क्राकाटोआ या ज्वालामुखी बेटावर दिसतं. 1883 च्या स्फोटानं बेट राखेखाली गेलं. पुढच्या वर्षी तिथे गेलेल्यांना सापडला तो फक्त एक कोळी, वाऱ्यावर धाग्यानं तरंगत आलेला. आइसलंडजवळ 1963 मध्ये समुद्रातून वर आलेल्या सुर्त्से बेटावर वनस्पती रेंगाळत होत्या. 1980 च्या दशकात कुरव पक्ष्यांची वसाहत झाली, विष्ठेतून नत्र मिळालं आणि हिरवळ वेगानं पसरली.

ममदापूरला पाऊस कमी, माती उथळ, आणि चरणारी काळविटं आहेत. तिथे गवत हीच पोचलेली अवस्था. त्यावर दाट झाडं लावली तर काळविटाला दूरवर बघता येत नाही, पळता येत नाही. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर लिही, पण खाली एका ओळीत ममदापूरचं उदाहरण जोड.

प्रश्न : जागा सुधारतेय हे झाडं मोठी व्हायच्या आधी कसं ओळखायचं? (वाचक, पेठ)

उत्तर : माती आधी बदलते, म्हणून तिलाच विचारा. 15 सेंटीमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी कापून नळी करा आणि 5 सेंटीमीटर जमिनीत ठोका. आत 450 मिलिलिटर पाणी ओता, तो साधारण एक इंच पाऊस होतो. ते मुरलं की लगेच तेवढंच पुन्हा ओता आणि हे दुसरं पाणी मुरायला लागलेली मिनिटं लिहून ठेवा, कारण पहिलं पाणी कोरड्या भेगांत जातं आणि फसवतं. राखलेल्या जागेत पाच ठिकाणी, चराईच्या जागेत पाच ठिकाणी, दरवर्षी नोव्हेंबरच्या त्याच आठवड्यात. शिवाय दोन्हीकडचा सुपारीएवढा वाळलेला ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या पाण्यात हलकेच सोडा. चराईतला बहुधा बघता बघता विरघळून पाणी गढूळ करतो. बुरशीचे धागे आणि बारीक मुळं यांनी बांधलेला ढेकूळ तसाच बसून राहतो, पाणीही बरंचसं स्वच्छ राहतं. दोन्ही ढेकळं एकाच पोताच्या मातीतून घ्या, काळी आणि मुरमाड यांची तुलना करू नका.